लवादाचं कलम आधी वाच

परवा वाशीला चहा पिताना तू विचारलंस, ‘आयसीसी म्हणजे पॅरिसचं कोर्ट, मग निकाल तेच देणार ना?’ नाही रे. ही क्रिकेटवाली आयसीसी नव्हे, व्यापारी वाद लवादाकडून सोडवून देणारी संस्था. नावात कोर्ट आहे, १९२३ पासून आहे, पण निकाल देतात ते नेमलेले लवाद, म्हणजे खासगी पंच, एक किंवा तीन. संस्था फाइल चालवते. अर्ज घेते, पक्षांचं जमलं नाही तर लवाद नेमते, खर्चाचे पैसे आगाऊ भरून घेते आणि निवाड्याचा मसुदा सहीआधी तपासते. अर्जासोबतचे ५,००० डॉलर परत मिळत नाहीत, हे अशिलाला पहिल्याच दिवशी सांग. नंतर सांगितलंस तर चहासुद्धा विचारणार नाही.

महाप्याच्या एका कारखानदाराचा करार माझ्याकडे आला होता. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एकच ओळ: ‘वाद सिंगापूरच्या नियमांनी, मुंबईत.’ कुठली संस्था? मुंबई ही सीट, म्हणजे जिथल्या कोर्टाचा लवादावर अधिकार चालतो ती कायदेशीर जागा, की नुसती बसायची जागा? त्या ओळीवरच आठ महिने भांडलो. सीट सिंगापूर असेल तर सुनावणी बेलापूरच्या हॉटेलात होऊ दे, निवाडा रद्द करून घ्यायला जायचं सिंगापूरच्याच कोर्टात. म्हणून करार लिहिताना संस्थेचं नमुना कलम जसंच्या तसं उचल. सीट, लवादांची संख्या, भाषा तेवढी भर. तिथे अक्कल चालवू नकोस.

आणि १९५८ च्या न्यूयॉर्क करारातला (देशांनी एकमेकांकडचे लवादाचे निवाडे मानायचे, असा तो करार) परदेशी निवाडा इथे वसूल करायचा असेल तर ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात दाखल करू नकोस. ते काम हायकोर्टाचं.