हँडब्रेक ओढूनही गाडी उतारावर सरकते. मागचे ब्रेक लायनर घरी बदलता येतील का? किती वेळ लागेल, आणि एकाच बाजूचे बदलले तर चालेल का? ओळखीचे एक जण म्हणतात, केबल थोडी ताणून घ्या, काम होईल.

येतील. पण तुमच्या प्रश्नात शेवटी एक वाक्य आहे: 'ओळखीचे एक जण म्हणतात, केबल थोडी ताणून घ्या, काम होईल.' ते वाचलं आणि मला आधी त्याबद्दलच लिहावंसं वाटलं. केबल ताणून घेऊ नका. ड्रम (चाकामागचा, चाकाबरोबर फिरणारा वाटीसारखा भाग) उघडून आत काय आहे ते बघेपर्यंत केबल ताणायच्या नटाला कोणाला हातही लावू देऊ नका.

एवढं ठामपणे सांगते, कारण या एका नटावरून आमच्या घरात कित्येक वर्षं वाद चालू आहे. गाडीच्या बाबतीत माझ्या थोरल्या दिरांचा शब्द शेवटचा. माणूस हौशी, हात चांगला, वायपरच्या मोटरपासून रेडिएटरच्या पाइपपर्यंत सगळं स्वतः करतात. गाडी मात्र सगळ्यात जास्त मी चालवते. त्यामुळे हँडब्रेक पूर्वीपेक्षा वर यायला लागलाय हे आधी माझ्या हाताला कळलं. मी सांगितलं तर भाऊजी म्हणाले, "केबल सैल पडलीय, ताणून देतो." दिली ताणून. हँडब्रेक कडक झाला, सगळ्यांना बरं वाटलं. काही महिन्यांत पुन्हा तेच. पुन्हा नट फिरवला. असं करत करत त्या नटाच्या आट्या संपायला आल्या.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट झाली, आणि ती तुमच्याही गाडीत होतेय का ते बघा. पायाचं पेडल खोल जायला लागलं. एकदा दाबलं की अर्ध्याच्या खाली, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की बऱ्यापैकी वर. भाऊजींचं निदान, लाइनमध्ये हवा आहे. हवा काढली, नवं ब्रेक ऑइल भरलं, पेडल होतं तिथंच. हवा असती तर पेडल स्पंजासारखं लागलं असतं. आमचं तळाशी गेल्यावर घट्टच लागत होतं, फक्त तिथवर पोचायला उशीर करत होतं. मागचे शू (ज्यांच्यावर लायनर बसवलेला असतो त्या आतल्या कमानी) ड्रमपासून लांब राहिले की असंच होतं. पहिल्या दाबाचं ऑइल शूंना ड्रमपर्यंत नेण्यातच खर्ची पडतं, दुसऱ्या दाबाला शू परत मागे जायच्या आत पुढचा धक्का मिळतो, म्हणून पेडल वर लागतं. हे मी तेव्हाच म्हटलं होतं. "मागच्या ब्रेकना असं काय काम असतं, सगळा ब्रेक पुढेच लागतो," असं उत्तर मिळालं.

हे अर्धसत्य आहे, आणि ते फार लोकांच्या तोंडी असतं. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे थांबवण्याचं जास्त काम पुढची चाकं करतात, हे बरोबर. पण मागच्या चाकांचा वाटा गेला तर तो भारही पुढच्यांवर पडतो, थांबायला अंतर जास्त लागतं. आणि गाडी उभी असताना बहुतेक गाड्यांमध्ये हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर असतो. घरातली मुलं मागच्या सीटवर बसलेली असताना उतारावर गाडी धरून ठेवणारी वस्तू बिनकामाची कशी?

शेवटी एका लांबच्या प्रवासाहून आल्यावर मागच्या डाव्या चाकातून जळका वास आला. रिमजवळ हात नेला तर धग लागत होती, उजवं चाक मात्र साधारण कोमट. मी म्हटलं, आता मी उघडणार. भाऊजी म्हणाले, ब्रेकला घरी हात लावायचा नसतो. केबल इतके दिवस घरीच ताणली जात होती, तोही ब्रेकच होता, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी गाडी उचलून स्टँडवर (गाडीचा भार पेलणाऱ्या लोखंडी टेकूंवर) घेतली.

ड्रम सरळ निघाला नाही. जुन्या ड्रमला कडेशी एक ओठ तयार होतो, कारण लायनर घासतो तेवढाच भाग झिजतो आणि कड उंच राहते. शू त्या ओठाला आतून अडकतात. लोक इथं हातोडी घेतात, आणि ड्रमची कड उडवतात किंवा मागची प्लेट वाकवतात. आधी हँडब्रेक पूर्ण खाली, केबल सैल. मग मागच्या प्लेटला रबरी बुचाखाली भोक असेल तर त्यातून ॲडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा दातेरी चाकाचा स्क्रू) मागे फिरवायचा. तरी नाही हलला तर बऱ्याच ड्रमना तोंडावर आट्यांची दोन भोकं दिलेली असतात. त्यात बोल्ट घालून दोन्ही थोडे थोडे, आळीपाळीने आवळायचे. ड्रम स्वतःच बाहेर सरकतो. आमचा तसाच निघाला.

आत जे दिसलं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. ड्रमच्या घासणाऱ्या पृष्ठभागावर निळसर डाग, म्हणजे तापून तापून रंग बदललेला. पुढच्या बाजूच्या शूचा लायनर पत्र्याला टेकायच्या बेतात, मागच्याचा निम्म्याहून जास्त शिल्लक. ही झीज असमान असतेच, कारण चाक फिरतं त्या दिशेचा शू ड्रम स्वतःच ओढून घेतो, तो जास्त काम करतो आणि आधी संपतो. पण मुख्य गोष्ट होती हँडब्रेकची लिव्हर. ती मागच्या शूला जोडलेली एक चपटी पट्टी असते, केबल तिला ओढते. ब्रेक सोडलेला असताना तिनं शूच्या कडेला पूर्ण टेकून बसायला हवं. आधी उघडलेल्या बाजूला केबल पूर्ण सैल होती, तरी ताणल्यावर काय होतं ते बघायचं म्हणून मी नट पूर्वीच्या खुणेपर्यंत परत आवळला. हँडब्रेक खालीच होता, तरी लिव्हर जागेवरून उठली आणि तिनं दोन्ही शू एकमेकांपासून लांब ढकलून धरले. मी भाऊजींना बोलावलं, त्यांच्यासमोर नट हळूहळू सैल केला. लिव्हर एकेक केस मागे जात शेवटी टक करून शूवर बसली, आणि शू स्प्रिंगच्या ओढीनं आत आले.

सगळ्या वादाचं उत्तर यातच आहे. पुष्कळ गाड्यांच्या ड्रममध्ये आपोआप ॲडजस्ट होणारी सोय असते. लायनर झिजला, शूंची चाल वाढली, की पेडल दाबताना एक छोटी पट्टी दातेरी चाकाला एक दात पुढे सरकवते आणि अंतर पुन्हा भरून निघतं. ही पट्टी शूंची चाल मोजते. केबल ताणून शू आधीच उघडे धरले तर तिला चाल वाढल्याचं कळतच नाही, दातेरी चाक जागचं हलत नाही. मग लायनर झिजत राहतो, हँडब्रेक पुन्हा वर येतो, पुन्हा केबल ताणली जाते. शिवाय त्या ताणानं शू ड्रमला टेकून राहिले तर चाक तापतं. आमचं दातेरी चाक तर गंजून जागीच बसलं होतं, दात पिवळट चिखलानं भरलेले. सोडवून, तारेच्या ब्रशनं घासून, आट्यांना उष्णता सहन करणारं ग्रीस लावल्यावर ते बोटानं फिरायला लागलं.

भाऊजी बघून म्हणाले, "गाडी जुनी झाली की होतं असं." आजही तेच म्हणतात. नव्या लायनरवर हँडब्रेक आणि पेडल दोन्ही जागेवर आले, केबलच्या नटाच्या आट्या अर्ध्याहून जास्त मोकळ्या राहिल्या, तरी नाही पटलं. तुमच्या ओळखीच्यांना हे सगळं दाखवता आलं तर दाखवा.

आता तुमचे प्रश्न. एकाच बाजूचे बदलून चालणार नाही. दोन्ही बाजूंचे एकदम बदला, नाहीतर गाडी ब्रेक लावताना एका बाजूला ओढेल. पण उघडताना मात्र एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी जशीच्या तशी राहिली की कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात होती ते चालून जाऊन बघता येतं. फोटोही काढाच, पण फोटोत स्प्रिंग पट्टीच्या पुढून जाते की मागून हे कळत नाही. एक लक्षात ठेवा, दुसरी बाजू ही आरशातली आहे. डाव्या आणि उजव्या ॲडजस्टरच्या आट्या बऱ्याचदा उलट असतात, त्यांची अदलाबदल झाली तर ॲडजस्टर अंतर भरण्याऐवजी वाढवत जातो.

वेळ म्हणाल तर पहिल्यांदा करताना अख्खा दिवस हाताशी ठेवा. संध्याकाळी सुरू करू नका. स्प्रिंगा बसवताना सगळा वेळ जातो. त्यासाठीची खास पक्कड असेल तर उत्तम, आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच, कारण सुटलेली स्प्रिंग तोंडाकडेच येते.

ड्रम काढलेला असताना कोणीही पेडल दाबायचं नाही. गाडीत बसलेल्या माणसाला बाहेर काढा. शूंना अडवायला ड्रम नसतो, त्यामुळे व्हील सिलिंडरचे (ब्रेक ऑइलच्या दाबानं शू ढकलणाऱ्या भागाचे) पिस्टन बाहेर येतात आणि काम दुप्पट होतं. त्याच सिलिंडरची रबरी टोपी बोटानं उचलून बघा. आत ओल असेल तर सिलिंडर गळतोय, तो बदला आणि मगच नवे लायनर बसवा. ऑइल लागलेला लायनर पॉलिश पेपरनं घासून वाचवायचा नाही, ऑइल आत मुरलेलं असतं.

आतली धूळ फुंकायची नाही, हवेच्या नळीनं तर अजिबात नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस वापरत असत, आणि नव्यांची धूळही छातीत जाऊ नये अशीच असते. ब्रेक क्लीनर मारून ओली करा, कापडानं टिपा, कापड टाकून द्या. ड्रमवर त्याचा कमाल व्यास कोरलेला असतो. त्यापेक्षा जास्त झिजला असेल तर नवे लायनर घालून पैसे वाया घालवू नका. मागच्या प्लेटवर शू जिथं घासत सरकतात त्या उंचवट्यांवर ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, लायनरवर एक थेंबही नको.

जोडल्यावरचा क्रम हाच: आधी शू ॲडजस्ट करा, ड्रम हातानं फिरवताना अगदी हलकी घासट ऐकू येईल इतपत. मग दोन्ही ड्रम बसवून पेडल पुष्कळदा दाबा, शू मध्यावर येतील. केबलचा नट सगळ्यात शेवटी, आणि तोही मॅन्युअलमध्ये जितक्या टिकटिकीत हँडब्रेक धरायला सांगितलाय तेवढाच. गाडी हलवायच्या आधी पेडल घट्ट लागतंय ना ते पाहा. नंतर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून हलके हलके ब्रेक लावत, मध्ये थंड होऊ देत लायनर बसू द्या. पहिल्याच दिवशी कचकचून ब्रेक लावून परीक्षा घेऊ नका.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगते. मी लिहिलं ते ड्रमचं. तुमच्या मागच्या चाकांना डिस्क असेल तर गोष्ट वेगळी: हँडब्रेक त्याच कॅलिपरमध्ये (डिस्कला दोन्हीकडून पकडणाऱ्या भागात) असला तर पिस्टन दाबून आत जात नाही, फिरवत फिरवत न्यावा लागतो. जोर लावून दाबला तर आतली यंत्रणा मोडते. बटणाचा हँडब्रेक असेल तर आधी तो सर्व्हिस मोडमध्ये न्यावा लागतो, ते येत नसेल तर उघडूच नका. काही गाड्यांत ड्रम आणि हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) एकच असतात, तिथं मधला मोठा नट काढावा लागतो. तो ठोकून अडकवलेला असेल तर परत वापरायचा नाही, नवा घ्यायचा, आणि टॉर्क पान्यानं सांगितलेल्या मापालाच आवळायचा. एबीएसच्या (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरची वायर ओढली जाणार नाही याकडे लक्ष द्या.

ब्रेक ऑइल घालायची वेळ आली तर त्याच्या टाकीच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ (ब्रेक ऑइलचे प्रकार) ते वाचा. डॉट ४ कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी शोषलं की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत येऊ शकते. म्हणून कपाटात उघडी पडलेली जुनी बाटली वापरू नका. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस ब्रेकच्या रबराला लागलं तर रबर फुगतं.

आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीचं चाक काढून आत हात घालायचा नाही. स्टँड नसतील तर आधी ते आणा, लायनर नंतर.