वळणावर मागची बाजू का घसरते?

प्रश्न : माझ्या मागील चाकांवर चालणाऱ्या जुन्या स्पोर्ट्स कारला मी पुढे रुंद टायर आणि चारही चाकांना आखूड स्प्रिंग बसवले. आता पाम बीच रस्त्यावर स्टिअरिंग सारखे इकडेतिकडे ओढले जाते आणि पावसात वळणावर मागची बाजू घसरते. असे का व्हावे? (एक वाचक, नेरुळ)

उत्तर : पुढची पकड वाढली आणि मागची होती तेवढीच राहिली, त्यामुळे वळणावर मागच्या चाकांची पकड आधी सुटते. मागच्या टायरच्या बाजूवर कोरलेले चार आकडे पाहा. २३१६ असेल, तर तो टायर २०१६ सालच्या २३व्या आठवड्यातला आहे, आणि इतके जुने रबर, खाचा शाबूत दिसत असल्या तरी, कडक होऊन ओल्या रस्त्यावर दगा देते. स्प्रिंग आखूड केल्याने गाडी खाली बसते, तेव्हा चाकांचे कॅम्बर (चाक उभ्या रेषेपासून किती कलले आहे) आणि टो (चाके समोरून आत की बाहेर वळली आहेत) हे कोनही बदलतात. त्यात पुढची चाके बाहेरच्या दिशेला वळलेली राहिली, तर गाडी सरळ रेषा धरत नाही. म्हणून आधी मूळ मापाचे टायर घालावेत, थंड टायरमध्ये हवा तपासावी आणि मागे किंचित टो-इन (चाकांची पुढची कड थोडी आत) ठेवून अलाइनमेंट करून घ्यावे. नवे शॉक अॅब्सॉर्बर गळ्यात मारू पाहणाऱ्या गॅरेजवाल्याला तोवर थांबवलेले बरे. एवढ्यानेही भागले नाही, तरच मागचा अँटी-रोल बार (वळणावर गाडीचे कलणे रोखणारा दांडा) मऊ करण्याचा विचार करावा.