पक्ष टोकाला जातो तेव्हा त्याचा मतदार काय करतो?

अमेरिकेतल्या राजकीय ध्रुवीकरणावरच्या माझ्या मागच्या लेखात एक विधान होतं : पक्षाच्या टोकाच्या वागण्यात त्याच्या साध्यासुध्या मतदारांचाही वाटा असतो. त्यावर बरीच पत्रं आली. काहींना ते पटलं, काही जण दुखावले. त्यातल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न : मी एडिसन, न्यू जर्सी इथे राहतो. नागरिकत्व मिळाल्यापासून रिपब्लिकन पक्षाला मत देतो. माझा छोटा व्यवसाय आहे, कर कमी असावेत, एवढंच कारण. 6 जानेवारी 2021 ला संसदेवर जमाव चालून गेला तेव्हा मलाही चीड आली होती. पण कॉलेजात शिकणारी मुलगी म्हणते, "बाबा, यात तुमचाही हात आहे." मी खरंच दोषी आहे का?

उत्तर : तुम्ही गुन्हेगार नाही, हे आधी स्पष्ट सांगते. त्या दिवशी ज्यांनी कॅपिटॉलच्या, म्हणजे संसदभवनाच्या, काचा फोडल्या, पोलिसांना मारलं, त्यांचा गुन्हा त्यांचा. पण तुमची मुलगी कोर्टातला प्रश्न विचारत नाहीये, म्हणून एवढ्या उत्तरावर तिचं समाधान होणार नाही.

1945-46 च्या हिवाळ्यात, हरलेल्या जर्मनीत, कार्ल यास्पर्स या तत्त्वज्ञांनी हायडेलबर्ग विद्यापीठात याच विषयावर व्याख्यानं दिली. त्यांची पत्नी ज्यू होती आणि नाझींनी 1937 मध्ये त्यांची प्राध्यापकी काढून घेतली होती. सरसकट सगळ्यांना दोषी ठरवण्याचा मोह त्यांना झाला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी उलट दोषाचे प्रकार वेगळे केले. गुन्हा ज्याचा त्याचा, तो कोर्टाने ठरवायचा. राजकीय जबाबदारी मात्र सगळ्या नागरिकांची, कारण राज्य त्यांच्या नावाने चालतं आणि परिणामही सगळ्यांना भोगावे लागतात. नैतिक दोष पुन्हा ज्याचा त्याचा. तो परक्याने लादायचा नाही. त्याची विचारणा आपल्या मनाने करायची, किंवा आपल्याबद्दल मनापासून आस्था असलेल्या जवळच्या माणसाने. तेव्हा टीव्हीवरच्या निवेदकाला तुम्हाला जाब विचारायचा हक्क नाही. तुमच्या मुलीला आहे.

मी स्वतः यात एका गोष्टीला फार महत्त्व देते : कोणती गोष्ट कधी कळली. नोव्हेंबर 2020 मध्ये करांचा विचार करून दिलेल्या मतात जानेवारीतला हल्ला दिसत नव्हता. पण त्याच संध्याकाळी सभागृह पुन्हा भरलं आणि हल्ला झालेल्या इमारतीत बसूनच 147 रिपब्लिकन सदस्यांनी अध्यक्षीय निवडणुकीतला निदान एका राज्याचा निकाल फेटाळायच्या बाजूने मत दिलं. त्यांची नावं दुसऱ्या दिवशी छापून आली. तिथून पुढे "मला ठाऊक नव्हतं" म्हणायला जागा उरली नाही. त्यानंतरच्या पक्षांतर्गत निवडणुकांत तुम्ही काय केलंत, हे मुलीला सांगा. मार्च 2024 मध्ये निकी हेली ट्रम्प यांच्याविरुद्धच्या अध्यक्षीय उमेदवारीच्या शर्यतीतून बाहेर पडल्या, तरी पुढच्या महिन्यात पेनसिल्व्हेनियात दीड लाखाहून जास्त रिपब्लिकनांनी त्यांनाच मत दिलं. निकाल बदलणार नाही हे त्यांना माहीत होतं. न्यू जर्सीची पाळी जूनमध्ये आली, तोवर चुरस संपलेली होती, ही तुमची अडचण मला मान्य आहे. पण काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकी संसदेचे, उमेदवार, काउंटीतले पदाधिकारी, देणगीचे चेक, यांतलं काहीच जूनवर अडलेलं नव्हतं.

प्रश्न : मी नाशिकला एम.ए. करतो. पक्ष समोर ठेवेल त्यातूनच मतदाराला निवडावं लागतं. मग दोष नेत्यांचाच नाही का?

उत्तर : बऱ्याच देशांत तुमचं म्हणणं बरोबर ठरेल. अमेरिकेत ते अर्धंच बरोबर आहे, कारण तिथे उमेदवार कोण हेही मतदारच ठरवतात. मुख्य निवडणुकीच्या आधी प्रत्येक पक्षाची प्रायमरी होते. बहुतेक मतदारसंघ कोणत्या तरी एका पक्षाचे बालेकिल्ले असल्याने खरा निकाल तिथेच लागतो. आणि काँग्रेसच्या प्रायमरीला येतं कोण? 2022 मध्ये साधारण पाचातला एक पात्र मतदार.

10 जून 2014 ची गोष्ट घ्या. व्हर्जिनियात रिचमंड शहराच्या आसपासचा सातवा मतदारसंघ. तिथले खासदार एरिक कँटर हे प्रतिनिधीगृहातले रिपब्लिकनांचे क्रमांक दोनचे नेते, उद्याचे सभापती म्हणून ज्यांचं नाव घेतलं जाई असे. समोर डेव्ह ब्रॅट, एका छोट्या कॉलेजातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक. कँटर स्थलांतरितांबाबत मवाळ आहेत, हा ब्रॅट यांचा मुख्य आरोप. सात लाखांहून जास्त वस्तीच्या मतदारसंघात मतं पडली सुमारे 65 हजार. ब्रॅट यांना 36 हजार, कँटर यांना 29 हजार. म्हणजे सात हजारांच्या फरकाने पक्षाचा दुसऱ्या क्रमांकाचा नेता घरी गेला.

याचा आपल्या लोकांशी काय संबंध? 2013 मध्ये सिनेटने, म्हणजे वरच्या सभागृहाने, 68 विरुद्ध 32 मतांनी स्थलांतर सुधारणा विधेयक मंजूर केलं होतं. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डसाठी, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी, असलेली देशनिहाय मर्यादा त्यात काढून टाकली होती. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेली आणि वर्षानुवर्षं रांगेत उभी असलेली पुण्या-ठाण्याची किती कुटुंबं त्या विधेयकाकडे डोळे लावून होती! प्रतिनिधीगृहात ते आधीच रखडलं होतं. कँटर पडल्यावर त्याला हात लावायला कुणी धजेना, आणि ते कधी मतदानालाच आलं नाही. कँटर यांना पाडणाऱ्यांतल्या कितीजणांना ग्रीन कार्डची रांग ठाऊक असेल, कुणास ठाऊक. पण त्या दिवशी देशातल्या प्रत्येक रिपब्लिकन खासदाराने त्या निकालातून धडा घेतला : मध्यावर उभं राहिलं तर पद जातं.

पुढचा धडा तर आणखी कडक होता. जानेवारी 2021 मध्ये, संसदेवरच्या हल्ल्यावरून, ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाच्या बाजूने दहा रिपब्लिकन प्रतिनिधींनी मत दिलं. त्यातले चौघे पुन्हा उभेच राहिले नाहीत. चौघे प्रायमरीत हरले. त्यांतल्या लिझ चेनी यांना वायोमिंगमध्ये 29 टक्केही मतं मिळाली नाहीत. टिकले फक्त दोघे, डेव्हिड वालाडाओ आणि डॅन न्यूहाउस. हे दोघे कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टनमधले. तिथे सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच प्राथमिक यादीत असतात आणि मतदान सगळ्यांना खुलं असतं. ही पद्धत म्हणजे हमी नव्हे, कारण वॉशिंग्टनमधल्याच जेमी हेरेरा ब्यूटलर तशाच निवडणुकीत हरल्या. तरी दहातले दोन वाचले आणि दोघेही याच पद्धतीतले, हे मला महत्त्वाचं वाटतं. नियमांचा दोष आहेच, पण चेनी यांना पाडणारी मतं कुणा नेत्याने टाकलेली नव्हती.

प्रश्न : या घाणीत मी पडतच नाही, मतच देत नाही. मग माझे हात स्वच्छ?

उत्तर : नाही. वरचे रिचमंडचे आकडे पुन्हा वाचा. घरी बसलेल्यांमुळेच 36 हजारांना एवढं वजन आलं.

प्रश्न : माझा पक्ष चुकतोय हे मला कळतं. पण समोरचे इतके भयंकर आहेत की आपल्या चुकलेल्या माणसाला मत न देणं म्हणजे देश त्यांच्या हाती देणं. यावर तुमचं काय म्हणणं आहे?

उत्तर : आलेल्या पत्रांतला हा सर्वात प्रामाणिक प्रश्न. ध्रुवीकरणाचा सगळा कारभार या भीतीवरच चालतो. मॅथ्यू ग्रॅहॅम आणि मिलान स्वोलिक यांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकी मतदारांपुढे काल्पनिक उमेदवार ठेवले. आपल्या पसंतीचा उमेदवार लोकशाहीचे नियम मोडतो आहे हे दिसल्यावर त्याला सोडणारे निघाले शंभरात साडेतीनच्या आसपास. बाकीच्यांना लोकशाही नको होती असं नाही. समोरचा येईल ही धास्ती जास्त मोठी होती.

आणि समोरचे म्हणजे नेमके कोण? डग्लस आहलर आणि गौरव सूद यांनी 2018 मध्ये दाखवलं की अमेरिकी लोकांच्या अंदाजाने रिपब्लिकनांपैकी 38 टक्के लोक वर्षाला अडीच लाख डॉलरहून जास्त कमावतात. प्रत्यक्षात ते दोन टक्क्यांच्या आसपास. डेमोक्रॅटांमध्ये 32 टक्के समलिंगी किंवा उभयलिंगी असतील असा अंदाज, प्रत्यक्षात सहा टक्के. राजकीय बातम्यांत जास्त रस असणाऱ्यांचे अंदाज जास्त चुकले, हे तर मला फार लागलं, कारण हे सदर वाचणारे तसेच लोक आहेत.

भीती खरी असो वा फुगवलेली, तिचा फायदा दोन्हीकडचे उठवतात. मिशिगनचे पीटर मायर खासदारकीची शपथ घेऊन दहा दिवस झाले असताना महाभियोगाच्या बाजूने उभे राहिले. 2022 च्या प्रायमरीत त्यांच्यासमोर ट्रम्प यांचे उमेदवार जॉन गिब्स होते. शेवटच्या दिवसांत गिब्स यांना बळ देणाऱ्या जाहिरातीवर सव्वाचार लाख डॉलर खर्च केले ते डेमोक्रॅटिक पक्षाच्या काँग्रेस प्रचार समितीने. टोकाचा माणूस नोव्हेंबरमध्ये पाडायला सोपा, हा हिशेब. तो बरोबरही ठरला, जागा त्यांना मिळाली. पण लोकशाही धोक्यात आहे म्हणून देणगी मागायची आणि तिच्यासाठी पद पणाला लावणाऱ्याला पाडायला पैसा ओतायचा, हे मला अक्षम्य वाटतं. ज्या डेमोक्रॅट देणगीदारांनी हे कळूनही समितीला पैसे देणं चालू ठेवलं, त्यांना रिपब्लिकन शेजाऱ्याला बोल लावायचा अधिकार उरत नाही.

आता तुमच्या अडचणीवरची वाट. शत्रूला मत द्या असं मी म्हणत नाही. 2017 च्या डिसेंबरमध्ये अलाबामात सिनेटची पोटनिवडणूक झाली. रिपब्लिकन उमेदवार रॉय मूर यांच्यावर अल्पवयीन मुलींशी गैरवर्तनाचे गंभीर आरोप होते, ते त्यांनी नाकारले. राज्य कट्टर रिपब्लिकन. जवळपास 23 हजार मतदारांनी मतपत्रिकेवर तिसरंच नाव हाताने लिहिलं. पक्षाचेच ज्येष्ठ सिनेटर रिचर्ड शेल्बी यांनीही तेच केलं आणि तसं उघड सांगितलं. मूर सुमारे 22 हजार मतांनी हरले. जॉर्जियात 2022 मध्ये गव्हर्नरपदाचे रिपब्लिकन उमेदवार ब्रायन केम्प यांच्यापेक्षा त्याच मतपत्रिकेवरच्या पक्षाच्या सिनेट उमेदवाराला दोन लाख मतं कमी पडली. या लोकांनी पक्ष सोडला नाही, विचार सोडले नाहीत. एका माणसाला नाकारलं, आणि आकाश कोसळलं नाही.

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातला. आमच्याकडे कसली प्रायमरी? तिकीट मुंबईत नाहीतर दिल्लीत ठरतं. मग आम्हाला दोष का?

उत्तर : तुमचा वाटा अमेरिकी मतदारापेक्षा कमी, हे अगदी मान्य. त्यात 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याने आमदाराचेही हात बांधले. पक्षादेशाविरुद्ध मत दिलं तर सदस्यत्व धोक्यात येतं. म्हणजे चेनी यांच्यासारखं सभागृहात उभं राहणं इथे जवळपास अशक्यच.

तुमच्याच जिल्ह्यात लातूर ग्रामीणला 2019 मध्ये 'नोटा' दुसऱ्या क्रमांकावर होता, 27 हजारांहून अधिक मतांनी. विधानसभेला त्याचा कायदेशीर परिणाम शून्य. मात्र राज्य निवडणूक आयोगाने 2018 च्या आदेशाने स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये 'नोटा'ला सर्वाधिक मतं पडल्यास फेरनिवडणूक घ्यायची तरतूद केली आहे. नगरपालिका, जिल्हा परिषद ही तुमची खरी जागा, आणि मोठ्या पक्षांचे पुढचे उमेदवार घडतातही तिथेच.

आणखी एक प्रसंग आठवा. विलेपार्ल्याची 1987 ची पोटनिवडणूक. धर्माच्या नावावर मतं मागितली म्हणून उच्च न्यायालयाने डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द केली. डिसेंबर 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं आणि भाषणं करणारे बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क पुढे सहा वर्षांसाठी गेला. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 ने उमेदवार आणि वक्ता दोघांना पकडलं. मतदाराला कायद्याने काही विचारलं नाही, आणि ते योग्यच आहे. मत गुप्त आहे, ते गुप्तच राहिलं पाहिजे. पण सभेतल्या टाळ्या गुप्त नसतात. कोणत्या वाक्याला मैदान उठतं आणि कोणत्या वाक्याला गप्प बसतं, हे व्यासपीठावरचा माणूस बारकाईने टिपत असतो. पुढचं भाषण त्यावरूनच लिहिलं जातं. तिकीट तुमच्या हातात नाही, टाळी आहे. मोबाइलवर पुढे ढकललेली क्लिपही आहे.

प्रश्न : राजकारणावरून धाकट्या भावाशी वर्षभर बोलणं बंद आहे. गणपतीला घरी आला, पण जेवून लगेच निघाला. त्याच्या पक्षाने जे केलं त्याला तोही जबाबदार आहे असं मी त्याला सांगितलं होतं. माझं काही चुकलं का? (एक ताई, पुणे)

उत्तर : ताई, सांगितलंत ते चुकीचं नव्हतं. पण तुम्ही बहुधा एका वाक्यात त्याच्यावर पक्षाचं सगळंच लादलंत. असं झालं की माणूस पक्षाचा बचाव करायला लागतो, ज्या गोष्टी त्याला मनातून पटत नाहीत त्यांचाही. आतून विरोध करू शकणारी माणसं अशीच गप्प होतात, आणि पक्षातल्या कडव्यांना तेच हवं असतं.

त्याला फोन करा. पक्षाबद्दल बोलायचंच झालं तर एकच घटना धरा, जी त्यालाही खटकली असेल असं तुम्हाला वाटतं, आणि विचारा : यावर तुझ्या आमदाराला, तुझ्या शाखेत, कुणी काही बोललं का? तू बोलशील का? आणि त्याआधी तुमच्या स्वतःच्या पक्षातली एक गोष्ट त्याला सांगा, जिच्याबद्दल तुम्ही तुमच्या नगरसेवकाला लिहिलं आहे. लिहिलं नसेल तर आधी लिहा, मग फोन करा.