‘अँटिसोशल’ म्हणजे माणूसघाणा नव्हे

विचारणा अशी आहे: एका मराठी लेखात ‘असामाजिक व्यक्तिमत्त्व विकार’ असा शब्द वाचला. आमच्या घरातला एक सोळा वर्षांचा मुलगा लग्नकार्याला येत नाही, पाहुणे आले की खोलीत जाऊन बसतो. त्याला सगळे ‘अँटिसोशल’ म्हणतात. त्याला हाच विकार आहे का? आणि सायकोपॅथ, सायको, माथेफिरू हे त्याचेच समानार्थी शब्द का?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असं आहे.

आधी ‘असामाजिक’ पाहू. ‘अधर्म’, ‘अन्याय’ या शब्दांत ‘अ’ विरोध दाखवतो हे खरं, पण ‘अशिक्षित’, ‘अनियमित’ यांत नुसता अभाव आहे, आणि मराठी कानाला ‘असामाजिक’ या दुसऱ्या गटातला वाटतो. म्हणजे समाजात न मिसळणारा. हिंदीत ‘असामाजिक तत्त्व’ म्हणजे गुंडपुंड हे रुळलेलं आहे. आपली वर्तमानपत्रं तिथे ‘समाजकंटक’ लिहितात. विकाराच्या इंग्रजी नावातला (‘अँटिसोशल पर्सनॅलिटी डिसऑर्डर’) ‘अँटी’ हा त्या समाजकंटकाच्या जवळचा आहे. म्हणून मी ‘समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार’ असं लिहीन. ‘समाजविरोधी’ चुकीचं नाही, पण त्याला राजकीय भूमिकेचा वास येतो.

न मिसळणाऱ्यांसाठी मराठीत शब्दांची मुळीच टंचाई नाही, आणि ते एकमेकांच्या जागी चालतही नाहीत. बुजऱ्याला लोकांत जायचं असतं, पण हसू होईल अशी धास्ती वाटते. एकलकोंड्याला जायचंच नसतं, एकटा असला की तो सुखात असतो. घुमा लोकांत बसतो, पण मनातलं बाहेर काढत नाही. माणूसघाण्याला माणसांचाच वीट असतो. यातल्या पहिल्या दोघांच्या टोकाच्या, आयुष्य अडवणाऱ्या रूपांना मानसोपचारात वेगळी नावं आहेत: धास्तीपोटी टाळणाऱ्याला ‘अव्हॉयडंट’, जवळिकीची ओढच नसलेल्याला ‘स्किझॉइड’. दोघांपैकी कुणी दुसऱ्याला फसवायला जात नाही. आणि भिडस्त तर समाजविघातकाच्या बरोबर उलट्या टोकाला! त्याला दुसऱ्याचं मन मोडवत नाही. समाजविघातकाला ते मोडल्याचं काही वाटत नाही.

समाजविघातक माणूस बरेचदा लोकांत छान मिसळतो. गोड बोलतो, उसने पैसे घेतो, थापा मारतो, नोकरी टिकवत नाही. विकाराचा गाभा दुसऱ्याच्या हक्कांची सतत पायमल्ली हा आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदान-पुस्तिकेत हे निदान १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीपासून आजच्या नावाने आहे. सध्याच्या निकषांत सात लक्षणं आहेत: कायदा वारंवार मोडणं, फसवणूक, उतावळेपणा, मारामारीपर्यंत जाणारा चिडखोरपणा, स्वतःच्या नि इतरांच्या जिवाबद्दल बेफिकिरी, सततचा बेजबाबदारपणा आणि पश्चात्तापाचा अभाव. यांपैकी किमान तीन हवीत. शिवाय वय अठरा पूर्ण हवं, आणि वर्तन विकाराच्या (मुलांमधली सततची मारामारी, चोरी, खोटेपणा) खुणा पंधराव्या वर्षाआधीच दिसलेल्या हव्यात. ही शेवटची अट महत्त्वाची आहे. चाळिशीत धंदा बुडाल्यावर पहिल्यांदा अफरातफर करणारा माणूस गुन्हेगार असेल, पण या निदानात बसत नाही.

कोडगा, निर्ढावलेला, उलट्या काळजाचा हे आपले शब्द पश्चात्तापाचा अभाव अचूक पकडतात. कोडग्याला ना बोलणी लागतात ना मार. पण त्या शिव्या आहेत, निदान नव्हे.

आता सायकोपॅथ. हा शब्द या विकाराच्या शेजारचा आहे, पण त्या पुस्तिकेत तो स्वतंत्र निदान म्हणून नाही. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ हार्वी क्लेक्ली यांनी १९४१ मध्ये वरून शहाणासुरता, मोहक आणि आतून भावनाशून्य असा माणूस रेखाटला. पुढे कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी वीस मुद्द्यांची तपासणी-सूची बनवली. तिच्यात चाळीसपैकी तीस किंवा जास्त गुण पडले की उत्तर अमेरिकेत सायकोपॅथ धरतात. फरक असा की निदान-पुस्तिका मुख्यतः वागणूक मोजते, हेअर यांची सूची आतला कोरडेपणाही मोजते. त्यामुळे पुस्तिकेचं जाळं मोठं. २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने बारा देशांतल्या सुमारे तेवीस हजार कैद्यांच्या पाहण्यांचा आढावा छापला, त्यात ४७ टक्के पुरुष कैद्यांना समाजविघातक विकार आढळला. सूचीतले तीस गुण गाठणारे कैदी याहून बरेच कमी. आणि हेही पाहा, निम्म्याहून जास्त पुरुष कैद्यांना हा विकार नव्हताच.

खरा घोळ ‘सायको’ने घातला आहे. त्यात सायकोपॅथही बसतो आणि सायकोसिस झालेला रुग्णही. सायकोसिसमध्ये माणसाची वास्तवाशी असलेली गाठ सुटते: नसलेले आवाज ऐकू येतात, शेजारी विष घालतोय अशी खात्री वाटते. समाजविघातक माणसाला मात्र आपण काय करतोय आणि ते बेकायदा आहे हे नीट ठाऊक असतं. कायदाही हा भेद करतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २२ (पूर्वीचं दंडविधानाचं ८४) अशालाच सूट देतं, ज्याला मनोविकारामुळे कृत्य करताना त्याचं स्वरूप किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे हेच कळत नव्हतं. त्यामुळे थंड डोक्याने, आठवडाभर आखणी करून खून करणाऱ्याला बातमीत ‘माथेफिरू’ किंवा ‘मनोरुग्ण’ म्हणणं मला साफ नापसंत आहे. लिहिणाऱ्याला खुनी म्हणायचं असतं आणि डाग लागतो औषधं घेऊन निमूट जगणाऱ्या रुग्णांना.

स्वमग्नतेचीही (ऑटिझम) यात उगाच गल्लत होते. स्वमग्न माणसाला समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं जड जातं, पण तो दुखावलाय हे कळलं तर सहसा वाईट वाटतं. कोरड्या मनाचा सायकोपॅथ समोरच्याचं मन चांगलं वाचतो आणि त्याचाच फायदा घेतो.

अनुवादकांसाठी एक जोड: जागतिक आरोग्य संघटना याच विकाराला ‘डिससोशल’ म्हणत असे. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या तिच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बहुतेक व्यक्तिमत्त्व विकारांची वेगळी नावं गेली, तीव्रता आणि ठळक गुणविशेष नोंदवायची पद्धत आली. तिथे ‘समाजविघातकता’ हा एक गुणविशेष म्हणून लिहावा.

राहिला तुमच्या घरातला मुलगा. सोळाव्या वर्षी हे निदान करताच येत नाही, आणि तुम्ही सांगितलेल्यात कुणाला इजा, फसवणूक, चोरी असं काहीच नाही. लहानपणापासून तो असाच असेल तर एकलकोंडा किंवा बुजरा, जे बसेल ते म्हणा. पण पूर्वी मित्रांत रमणारा मुलगा गेल्या काही महिन्यांत खोलीत शिरला असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, अभ्यासातून मन उडालं असेल, तर नैराश्याची शंका घ्यायला हवी. मग शब्द शोधत बसू नका, त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा.