आधी दाखल नोंदवही उघड

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1 जून 1893 चं, मग महाराष्ट्राचा 1967 चा ग्रंथालय कायदा. एवढं लिहून तू अडलीस. अडणारच! स्मरणिकांवरून वाचनालयांचा इतिहास लिहायला बसलीस की दुसरं काय होणार? आधी दाखल नोंदवही उघड, वाचनालयात आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात क्रमाने टिपतात ती वही.

वर्षभराची पानं ओळीने वाच. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, किंमत, पुस्तक विकत घेतलं की भेट आलं, आणि शेवटच्या रकान्यात ‘गहाळ’, ‘जीर्ण’, ‘बाद’. कुठल्या महिन्यांत एकही पुस्तक आलं नाही? अक्षर कधी बदललं? सगळी खरेदी मार्चमध्येच का उरकली? अनुदानाचा हप्ता कधी आला तेही ताडून बघ.

आपल्या कायद्यात ग्रंथालय उपकर, म्हणजे ग्रंथालयांसाठी लोकांकडून घ्यायचा वेगळा कर, नाही. तमिळनाडूत, कर्नाटकात आहे. इथे वाचनालयं लोकांनी काढली, सरकार अ, ब, क, ड वर्ग पाहून अनुदान देतं. म्हणून मंत्रालयातले कागद चाळून तुझं भागणार नाही. नोंदवहीच हवी.

विनायक लक्ष्मण भावे ठाण्याच्या ग्रंथसंग्रहालयाच्या स्थापनेत होते तेव्हा जेमतेम 21 वर्षांचे. पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा जुन्या मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला, त्यासाठी जुन्या पोथ्या धुंडाळल्या. तुझ्याच वयाचा मुलगा होता गं. तू निदान कपाटापर्यंत तरी जा.

मी हे इतकं का लावून धरतो? एका वाचनालयात संगणक आला आणि देवघेवीच्या जुन्या वह्या रद्दीत निघाल्या. मी कार्यकारिणीपुढे भांडलो. ‘जागा अडते,’ म्हणाले. मला हेकट ठरवलं. त्या वह्यांत कुणी काय वाचलं ते होतं. एखादी मुलगी लग्नानंतर नव्या नावाने तिथेच पुन्हा सभासद झाल्याचं होतं. ते आता कुठेच नाही. आजही तसाच भांडेन. म्हणून निदान दाखल नोंदवही तरी कुणी रद्दीत घालायच्या आत तू वाचावीस.

‘वह्या वर माळ्यावर आहेत, नंतर या,’ असं सांगतील. स्टूल माग. पेन नको, पेन्सिल ने. जुनी पानं सावकाश उलट, कडा तुटतात. पहिल्या शंभर नोंदी उतरवून मला पाठव. तोवर प्रस्तावना पाठवू नकोस, मी वाचणार नाही.