विदर्भातल्या खेड्यात घरासमोर सावलीसाठी लाल मेपल लावता येईल का?

तुमचा प्रश्न असा: घर आर्वीकडच्या खेड्यात, जमीन काळी, वर टिनाचं छप्पर, समोर मोकळं आंगण. पुतण्या अमेरिकेत असतो, त्याच्या घरापुढच्या लाल मेपलचा फोटो पाहून घरच्यांनी धरलंय की आपल्याकडेही हेच झाड हवं. रोप कुठं मिळेल आणि निगा कशी राखायची?

सरळ सांगतो भाऊ, नका लावू. रोप मिळालं तरी आपल्याकडे ते तगणं कठीण, आणि एखादं तगलंच तरी फोटोतल्यासारखं लाल होणार नाही.

लाल मेपल हे उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडचं झाड. वर कॅनडाच्या न्यूफाउंडलंडपासून खाली फ्लोरिडापर्यंत रानात आपोआप उगवतं. कोणी म्हणेल, फ्लोरिडात कुठं बर्फ पडतो? नाही पडत. पण तिथं ते दलदलीच्या कडेला, कायम ओल्या आणि आम्ल मातीत वाढतं. आपली काळी माती नेमकी याच्या उलट, चुनखडीची आणि अल्कली. संत्र्याच्या बागा पाहिल्या असतील तर हे लगेच ध्यानात येईल. चुनखड जमिनीत संत्र्याचं पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात ना, तसंच अल्कली मातीत मेपलचंही होतं. त्याला मँगनीज मिळत नाही. तिकडचे लोकसुद्धा अशा जमिनीत हे झाड लावायचं टाळतात.

त्यात आपला उन्हाळा. नागपूरला २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. मेपलची मुळं बरीचशी वरच्या थरात पसरतात, आणि आपल्याकडे मेमध्ये तोच थर फाटतो. हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यात मुळं तुटतात आणि उरलीसुरली उघडी पडून वाळतात. रोज पाणी घालून एखादा उन्हाळा काढाल, पण सावलीचं झाड म्हणजे काही कुंडीतली तुळस नव्हे.

लाल रंगाचं म्हणाल तर तो थंडीच्या तोंडावर येतो. दिवस लहान होतात, दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारठा पडतो, तेव्हा पानातलं हरितद्रव्य ओसरतं आणि लाल रंगद्रव्य तयार होतं. थोडक्यात, फोटोतलं ते लाल पान गळायला निघालेलं आहे. आपल्याकडे तसा शरद ऋतूच नाही.

ऑनलाइन मिळणाऱ्या बियांच्या नादी तर लागूच नका. पाकिटावर निळं, जांभळं मेपल छापलेलं असतं. निळ्या पानांचं मेपल जगात कुठंच नाही, तो रंग कॉम्प्युटरवर चढवलेला असतो. पुतण्यालाही बॅगेत बिया टाकून आण म्हणू नका. परदेशातून बी-रोप आणायला २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे परवाना आणि त्या देशाचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं.

आता तुमच्या खऱ्या गरजेकडे येऊ. तुम्हाला सावली हवी आहे एप्रिल-मेमध्ये. मग झाड निवडताना ते मे महिन्यात कसं दिसतं एवढंच आधी पाहा. साग त्या दिवसांत खराटा असतो. पळस फुलतो झकास, पण त्याच्याखाली खाट टाकता येत नाही.

लालही हवं आणि मेमध्ये दाट सावलीही हवी, तर आपल्याच रानातलं कोशिंब लावा. काही जण त्याला कुसुम म्हणतात (मोबाइलवर कुसुम शोधाल तर सौर पंपाची योजनाच समोर येईल, म्हणून कोशिंबच टाका). मेळघाटात, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात हे आहे. आणि मजा म्हणजे मेपल आणि कोशिंब एकाच कुळातले, रिठ्याच्या. म्हणजे घरच्यांना सांगायलाही सोपं, की मेपलचाच भाऊबंद आणला.

हिवाळा सरता सरता याची जुनी पानं गळतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी पालवी येते. ती अख्खी लाल. लांबून बघणाऱ्याला फुलंच वाटतात. जवळ जाऊन पाहिलं तर पानं मऊ, लोंबती, तेल लावल्यासारखी चकचकीत. उन्हाच्या आड धरलं की एकेक शीर दिसते. मग तो लाल रंग तांबूस होतो, पोपटी होतो आणि ऊन पेटेपर्यंत झाड गर्द हिरवं झालेलं असतं. मेपल पान टाकताना लाल होतं, कोशिंब पान धरताना. सावलीवाल्याला हेच सोयीचं. ओळख सांगतो: एका देठावर पानांच्या दोन ते चार जोड्या, आणि टोकाची जोडी सगळ्यात मोठी. लाखेचा किडाही यावर पोसतात, कुसुमी लाख चांगल्या प्रतीची मानतात. पण ते तुमच्या कामाचं नाही.

अडचण एकच, वाढ हळू आहे. तुमच्या पोरांना खरी सावली मिळेल. म्हणून जागा असेल तर थोड्या अंतरावर कडुनिंब किंवा करंजही लावून टाका. काळ्या जमिनीत करंज चांगला चालतो, आणि कडुनिंबाची मार्चमधली पालवीसुद्धा तांबूसच असते.

जागा नीट ठरवा, इथंच बहुतेकांचं चुकतं. नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांच्या सुमारास आपल्याकडे भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि मावळतो पश्चिमेच्या थोडा उत्तरेला. म्हणून घराच्या दक्षिणेला लावलेल्या झाडाचा मेमध्ये टिनाला फारसा उपयोग नाही. पश्चिमेला किंवा वायव्येला लावा, म्हणजे तीननंतरचं ऊन अडेल. भिंतीपासून वीस-पंचवीस फूट सोडा. काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळून आकसते, आणि मोठं झाड पायाजवळचं पाणी ओढायला लागलं की भिंतीला तडे जातात.

खड्डा मेमध्येच खोदून तापू द्या, दोन बाय दोन बाय दोन फूट पुरे. भरताना मात्र लोक हौसेनं नुसती रेती आणि मुरूम टाकतात. काळ्या मातीत असा खड्डा म्हणजे पाण्याचं टाकंच, पावसाळाभर रोप त्यात उभं राहून कुजतं. खोदलेलीच माती शेणखत मिसळून परत भरा आणि जमिनीपासून वीतभर उंचवटा करून त्यावर रोप लावा. कोशिंबाला साचलेलं पाणी चालत नाही. सोटमूळ लवकर खोल जातं, म्हणून पिशवी फाडताना मातीचा गोळा फुटू देऊ नका. लावायचं जूनच्या शेवटी, दोन-तीन चांगले पाऊस पडून माती भिजल्यावर.

पहिले दोन-तीन उन्हाळे जपा. रोज तांब्याभर पाणी घालण्यापेक्षा आठवड्यातून एकदा बुडखा खोलवर भिजेल इतकं घाला. बुडाशी भोक पाडून चिंधी लावलेलं मडकं शेजारी पुरलं तर आणखी चांगलं. आळ्यात सोयाबीनचं कुटार पसरा, म्हणजे भेगा पडत नाहीत. पण खोडापासून वीतभर दूर ठेवा, नाहीतर उधई चढते. पश्चिमेच्या अंगाला पऱ्हाट्यांचा आडोसा करा. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण हवंच. बकरीनं एकदा शेंडा खाल्ला की वर्ष गेलं. खालच्या फांद्या छाटायची घाई करू नका, त्या कोवळ्या खोडाला उन्हापासून वाचवतात.

रोप वनविभागाच्या किंवा सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत जूनमध्ये विचारा. नसेल तर जंगलाजवळच्या ओळखीच्या माणसाकडून ताजं बी मागवा. फळं पावसाळ्याच्या तोंडावर पिकतात. गर आंबट असतो, पोरं खातात, बी मात्र चावू देऊ नका, त्यात विषारी घटक असतात. गर धुऊन काढा, बी रात्रभर पाण्यात भिजवा आणि लांबोळक्या पिशवीत लगेच पेरा, ठेवून दिलं की त्याची उगवण कमी होते. रोपवाटिकेतून आणणार असाल तर कंबरेएवढं उंच रोप पाहून भुलू नका. पिशवी उचलून बुडाकडून बघा, मूळ आत गोल गुंडाळलेलं असेल तर त्यापेक्षा लहान रोप घ्या.