नवीन दवाखाना टाकलाय ना, मग हे ऐक
पहिल्याच महिन्यात मोठ्या हॉस्पिटलचा पीआरओ (जनसंपर्काचा माणूस) मिठाईचा बॉक्स घेऊन येईल आणि उठता उठता म्हणेल "सर, रेफरलचं आपण बघून घेऊ", म्हणजे पेशंट पाठवल्याचं कमिशन, तिथंच हसत नाही म्हण. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांत कमिशन घेणंही बंद, देणंही, आणि एकदा पाकीट घेतलं की पेशंटचं बिल फुगलं तरी तोंड उघडता येत नाही बघ. त्यापेक्षा कामाचं माग, डिस्चार्ज कार्डची कॉपी आणि रात्री आयसीयूत बेड आहे का ते खरं सांगणारा एक माणूस. पेशंट पाठवताना चिठ्ठीवर बीपी, शुगर, दिलेलं इंजेक्शन आणि वेळ लिही, तिथला आरएमओ (ड्युटीवरचा निवासी डॉक्टर) दुवा देईल (अक्षर मात्र सुधार!). महात्मा फुले योजनेत कुठलं हॉस्पिटल कशासाठी आहे तेही आधीच विचारून ठेव.